औषध बदललं, अळी बदलली. पऱ्हाटी मात्र मार्चपर्यंत उभीच

प्रश्न असा आला आहे: "यवतमाळ जिल्ह्यात आमची चार एकर कपाशी आहे. बीटी बियाणं असूनही गेल्या हंगामात सात फवारण्या झाल्या, तरी बोंडात गुलाबी अळी निघालीच. आजोबा म्हणतात, त्यांच्या काळी औषध नव्हतं आणि कापूस यायचा. औषधांत भेसळ असते का? आणि हे औषध मारायचं मुळात सुरू कधी झालं?"

भाऊ, आजोबांचं अर्धं खरं आहे. त्यांच्या शेतात औषध नव्हतं, हे खरं. अळी नव्हती, हे मात्र खरं नाही. गुलाबी बोंडअळीचं पहिलं शास्त्रीय वर्णन सॉन्डर्स नावाच्या इंग्रज अभ्यासकाने 1843 साली लिहिलं, तेच मुळी गुजरातेतल्या भडोचकडच्या कापसात सापडलेल्या नमुन्यांवरून. म्हणजे आजोबांच्या आजोबांच्या बोंडातही ती होती. उलट जगात पसरली ती आपल्याकडून गेलेल्या सरकीतून. 1906-07 च्या सुमारास हिंदुस्थानातल्या सरकीबरोबर ती इजिप्तला पोचली, इजिप्तच्या सरकीबरोबर 1911 मध्ये मेक्सिकोला आणि तिथून 1917 मध्ये टेक्सासला. टेक्सास लक्षात असू द्या, शेवटी तिकडे परत जायचं आहे.

मग आजोबांचा कापूस यायचा कसा? एक तर यायचा थोडा. 1950-51 साली देशाची सरासरी हेक्टरी सुमारे 88 किलो रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, होती. त्यात अळीचा वाटा धरलेलाच असायचा, जसा खळ्यात पाखरांचा. दुसरं, वाण देशी. तुडतुडे-मावा त्याला फारसे बाधत नसत. आणि तिसरी गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो: वेचणी संपली की शेत रिकामं व्हायचं. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या उभ्या झाडांत, गुरं, शेळ्या-मेंढ्या सोडायच्या, त्या राहिलेली बोंडं खाऊन टाकत. मग पऱ्हाट्या उपटून चुलीला. मग उन्हाळी नांगरट. बियाण्याची सरकी वैशाखाच्या उन्हात वाळवायची आणि पेरताना शेणात घोळायची. यातलं काहीच कुणी "कीड नियंत्रण" म्हणून करत नव्हतं. गुरांना चारा हवा होता, घराला जळण हवं होतं. पण गुलाबी अळी सुप्तावस्थेत दडते ती नेमकी उरलेल्या बोंडांत आणि सरकीत. तिला पुढच्या पावसाळ्यापर्यंत पोचू द्यायचं नाही, हे काम चूल आणि मेंढ्या फुकटात करून जायच्या.

इंग्रज सरकारला हे कळलं होतं. मद्रास इलाख्यात 1919 साली किडी-रोगांचा कायदा झाला. कोईमतूरकडे कंबोडिया जातीचा कापूस घेणाऱ्यांना ठरलेल्या तारखेआधी झाडं उपटणं त्याखाली सक्तीचं झालं. इजिप्तने सरकी गरम हवेतून काढून आतली अळी मारायची सक्ती केली. कीटकनाशकाच्या बाटलीच्या आधीची ही पिढी. तिला कंटाळवाणी म्हणा हवं तर, पण तिच्याविरुद्ध अळीला प्रतिकार करता आलेला नाही. जळलेल्या बोंडात प्रतिकारशक्ती कुठून येणार?

आता औषधाचं. (औषध हा शब्द मी तुमच्यासाठी वापरतो. माझ्या तोंडातही तोच बसलाय. पण विषाला औषध म्हणायची सवय लागली की तोंडाला फडकं बांधायची सवय सुटते, हे मी चाळीस वर्षं बघतो आहे.)

पिकावर विष मारायची आधुनिक सुरुवात सोमलापासून, म्हणजे आर्सेनिकपासून झाली. अमेरिकेत बटाट्यावर कोलोरॅडो भुंगेरा आला, तेव्हा 1867 च्या सुमारास पॅरिस ग्रीन नावाचा हिरवा रंग लोकांनी त्यावर टाकायला घेतला. तांबं आणि सोमल यांचा तो रंग, भिंती रंगवायचा. मग शिशाचं आर्सेनेट आलं, कॅल्शियमचं आलं. ही पोटातून मारणारी विषं, पान खाल्लं तरच मरण. बोर्डो मिश्रणाची गोष्ट नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना माहीत असेल: फ्रान्समध्ये बोर्डो शहराजवळ रस्त्याकडेच्या द्राक्षांवर चोरांना भीती वाटावी म्हणून मोरचूद-चुन्याचा निळा थर मारत. मिलार्डे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की तेवढ्याच वेलींवर केवडा हा बुरशीचा रोग नाही. 1885 मध्ये त्याने कृती जाहीर केली आणि ती आजही चालते. सव्वाशेहून जास्त वर्षं टिकलेलं पिकाचं औषध शोधायला गेलात तर पहिलं नाव हेच सापडेल. कारण मोरचूद बुरशीच्या पेशीत एकाच नव्हे, अनेक ठिकाणी घाव घालतं, आणि बुरशीला सगळीकडची दारं एकदम बदलता येत नाहीत.

अळीला, किड्याला मात्र एक दार बदलणं जमतं. 1914 साली अमेरिकेत मेलॅन्डर नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने एक निबंध लिहिला. फवाऱ्याला कीटक प्रतिकारक होऊ शकतात का, असा त्यात सवाल होता. सफरचंदावरचा सॅन होजे खवले कीटक चुना-गंधकाच्या फवाऱ्याने काही बागांत मरत होता, काहींत मरत नव्हता. औषध तेच, माणसं तीच. म्हणजे "पूर्वी मरायची, आता मरत नाही" ही तुमची तक्रार किमान 110 वर्षं जुनी आहे आणि तिचं उत्तर तेव्हाच निम्मं सापडलं होतं. त्याकडे फार कुणी पाहिलं नाही. पुढे डीडीटी आलं ना!

डीडीटी हा पदार्थ 1874 मध्येच कुणीतरी बनवून ठेवला होता. तो किडे मारतो हे 1939 मध्ये स्वित्झर्लंडच्या पॉल म्युलरने शोधलं आणि 1948 मध्ये त्याला नोबेल मिळालं, तेही वैद्यकशास्त्राचं, कारण उवांमुळे पसरणारा टायफस ताप आणि हिवताप. आपल्याकडेही ते आधी हिवतापाच्या फवारणीसाठी आलं, बीएचसी हे दुसरं कीटकनाशक टोळधाडीसाठी. 1952 मध्ये बंगालमध्ये रिश्रा इथे बीएचसीचा कारखाना निघाला, 1954 मध्ये दिल्लीला सरकारी डीडीटीचा. तुमच्या वडिलांना विचारा, बीएचसीची पांढरी भुकटी आठवत असेल. कापडाच्या पुरचुंडीत बांधून काठीने आपटत पिकावर धुरळायची, आणि उरलेली ज्वारीच्या कणगीत. आता अंगावर काटा येतो. 1997 पर्यंत ती विकली जात होती.

डीडीटीने एक मानसिक बदल केला, तो मला रासायनिक बदलापेक्षा मोठा वाटतो. किडा पान खायची वाट पाहायला नको, नुसता चालून गेला तरी मरतो, आणि आठवडे उलटले तरी असर जात नाही. मग पऱ्हाट्या कशाला उपटायच्या? वेळेवर पेरणी कशाला पाळायची? पेरूमधल्या कान्येते खोऱ्यात हेच झालं. समुद्रकाठचं छोटं, कापसाचं खोरं. 1949 पासून तिथे डीडीटी, बीएचसी, टॉक्साफेन विमानाने मारायला लागले. विमानाला अडथळा नको म्हणून झाडंसुद्धा तोडली. हेक्टरी रुई 490 किलोच्या आसपास होती, ती 1954 पर्यंत 730 च्या आसपास गेली. दोनच वर्षांत ती 330 वर आली. जुन्या किडी औषधाला दाद देईनात आणि ज्यांना आधी कुणी कीड म्हणत नव्हतं अशा नव्या अर्धा डझन उभ्या राहिल्या, कारण त्यांना खाणारे मित्रकीटक मेले होते. शेवटी शेतकऱ्यांनी एकत्र येऊन ती औषधं बंद केली, लागवडीच्या आणि शेत स्वच्छ करायच्या तारखा बांधून घेतल्या, मित्रकीटक बाहेरून आणून सोडले, आणि कापूस परत आला. कृषी महाविद्यालयात आम्हाला हे उदाहरण अर्ध्या तासात शिकवलं होतं. परीक्षेपुरतं.

मधल्या काळात सेंद्रिय फॉस्फरसची विषं आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत श्रॅडर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने पॅराथिऑन बनवलं. मज्जातंतूंवर काम करणाऱ्या युद्धातल्या वायूंचाच हा भाऊबंद. 1958 मध्ये केरळात ते आणि धान्य-पीठ एकाच जहाजातून आलं, डबे फुटले, पीठ खाऊन शंभराहून जास्त माणसं गेली. त्या प्रकरणाच्या चौकशीतून पुढे 1968 चा कीटकनाशक कायदा झाला. डब्यावरचा लाल-पिवळा-निळा-हिरवा त्रिकोण त्याच्या नियमांतून आला. लाल सर्वांत जहाल. दुकानात भाव विचारायच्या आधी तो त्रिकोण बघत जा. आणि एंड्रिन हे कीटकनाशक? ते तर मराठीतला शब्दच होऊन गेलं. धंद्यातल्या मालाचं नाव आत्महत्येच्या बातमीत रुळलेलं मी दुसऱ्या कुठल्या धंद्यात पाहिलेलं नाही.

आता आपल्या कपाशीकडे. 1970 मध्ये सुरतेला सी. टी. पटेल यांनी एच-4 हा कापसाचा जगातला पहिला व्यावसायिक संकरित वाण दिला, 1972 मध्ये धारवाडहून वरलक्ष्मी आला. उत्पन्न वाढलं, आणि वाढलं म्हणून खत, पाणी, फवारणी परवडायला लागली. संकरित झाड उंच, पसरट, हिरवंगार, आणि हंगाम लांबलचक. पूर्वी जे झाड वेळेत आटपायचं, ते आता पाणी मिळालं की फेब्रुवारी-मार्चपर्यंत पात्या, म्हणजे कळ्या, धरायला लागलं. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही पाणी देऊन राखलेली कपाशी, हा शब्द तेव्हापासून आपल्या हिशेबात कायमचा बसला. दोन वेचे जास्तीचे मिळतात, कोण सोडेल? अळीलाही दोन पिढ्या जास्तीच्या मिळायला लागल्या.

1980 च्या सुमारास सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं आली: सायपरमेथ्रिन, फेनव्हेलरेट, डेल्टामेथ्रिन. मी नुकता कामाला लागलो होतो. सकाळी फवारलं की दुपारी अळ्या खाली. आठवड्याला एक फवारा, असं मी स्वतः बांधावर उभं राहून सांगितलेलं आहे, आणि शेतकऱ्यांनी मला चहा पाजलेला आहे. आम्हाला ज्या गोष्टीची शुद्ध नव्हती ती ही: डीडीटी आणि पायरेथ्रॉइड मज्जातंतूवर एकाच जागी घाव घालतात. वर, पायरेथ्रॉइडने पांढरी माशी फारशी मरत नव्हती, तिचे शत्रू मात्र मरत होते. आंध्रात आधी पांढरी माशी उसळली आणि 1987-88 च्या हंगामात गुंटूर-प्रकाशमकडे हिरव्या बोंडअळीने पायरेथ्रॉइडला साफ जुमानलं नाही. वीस-वीस फवारे मारून कापूस गेला, कर्ज राहिलं, माणसं गेली. देशातल्या पिकाखालच्या जमिनीपैकी जेमतेम 5 टक्क्यांवर कापूस आणि देशातली जवळपास निम्मी कीटकनाशकं त्याच्यावर, असं त्या दशकात आणि पुढच्या दशकात सर्रास सांगितलं जायचं.

तुमच्या भेसळीच्या प्रश्नाचं उत्तर इथेच देतो. बोगस माल बाजारात आहे. पक्कं बिल घ्या, बॅच नंबर आणि मुदत पाहा, सैल पुडी घेऊ नका. पण सात फवारण्यांचं अपयश भेसळीवर ढकलू नका. गुलाबी अळी अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात फुलात किंवा कोवळ्या बोंडात शिरते. आत गेल्यावर छिद्रही बुजतं. आत बसून सरकी खाणाऱ्या अळीला वरून मारलेलं औषध, अगदी शंभर टक्के शुद्ध असलं तरी, लागणार कुठून? हिरवी बोंडअळी अर्धी बाहेर असते, ती फवाऱ्यात सापडते. गुलाबी सापडत नाही. तिच्यासाठी वेळ मिळतो तो पतंग आणि अंड्यांचा, म्हणजे फार थोडा.

बीटीचं, म्हणजे जिवाणूचं जनुक घालून झाडालाच अळीचं विष तयार करायला लावणाऱ्या बियाण्याचं, मोठं आकर्षण तेच होतं: विष झाडाच्या आतच. 26 मार्च 2002 ला परवानगी मिळाली. पहिल्या बियाण्यात क्राय1एसी हे एक प्रथिन होतं, 2006 मध्ये क्राय2एबीची जोड मिळाली, ते बोलगार्ड-2. हिरव्या बोंडअळीवर त्याने खरंच काम केलं आणि अजून बऱ्यापैकी करतं आहे. बीटीला सरसकट शिव्या घालणाऱ्यांनी 1998 ची आणि 2005 ची फवाऱ्यांची संख्या शेजारी मांडून बघावी. पण गुजरातच्या अमरेली-भावनगर भागात गुलाबी अळी पहिल्या प्रथिनाला दाद देत नसल्याचं 2010 मध्ये जाहीर झालं आणि 2014-15 पर्यंत दुसरंही गेलं.

का गेलं, हे नीट समजून घ्या, कारण कारणं आपल्याच शेतातली आहेत. बीटीच्या 450 ग्रॅमच्या पाकिटाबरोबर बिगर-बीटीचं 120 ग्रॅमचं पाकीट यायचं. ते बांधाच्या कडेने लावायचं, तिथे साध्या अळ्या जगाव्यात आणि प्रतिकारक अळीचं लग्न साध्या अळीशी व्हावं, म्हणजे पुढची पिढी बीटीवर मरेल, असा हिशेब होता. आपण त्याला काय म्हणायचो? "फुकटचं पाकीट." फेकलं, गुरांना घातलं, नाहीतर जागा मोकळी दिसली तिथे टाकलं. मीही किती बांधांवर ते खरोखर पेरलेलं पाहिलं, हे बोटांवर मोजून सांगू शकेन.

दुसरं कारण कमी लोकांना माहीत आहे. बहुतेक देश बीटी कापूस सरळ वाणात लावतात, आपण संकरित वाणात. संकरित झाडाच्या बोंडातली सरकी ही पुढची पिढी असते, त्यामुळे तिच्यात जनुकं वाटली जातात: सोळा सरक्यांपैकी साधारण नऊमध्ये दोन्ही प्रथिनं, सहामध्ये एकच, आणि एकीत काहीच नाही. पानं-फुलं खाणाऱ्या अळीला याने फरक पडत नाही. गुलाबी अळी तर सरकीच खाते. एकाच बोंडात कुठे पूर्ण विष, कुठे अर्धं, कुठे बिनविषारी घास. प्रतिकारक अळी निवडून वाढवायची शाळा काढायची असती तर याहून चांगली रचना सुचली नसती. त्यात फरदड. हंगामाच्या शेवटी झाडात विषाचं प्रमाण उतरलेलं, अळी नवनव्या पिढ्या घालतेय, आणि आपण पाणी देतोय.

2017 मध्ये ही सगळी बिलं एकदम आली. गुलाबी अळी, त्यात पाऊस-दमट हवा, कपाशी डोक्याच्या वर वाढलेली. तुमच्याच जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात. दोन-तीन औषधं एकत्र मिसळून, बारीक तुषार उडवणाऱ्या पंपाने, डोक्यावरून, उकाड्यात उघड्या अंगाने. औषध लागू होईना म्हणून मात्रा वाढवली, मात्रा वाढवली म्हणून माणूस पडला. त्या हंगामात जे पाहिलं त्यानंतर मी "कोणतं मिसळू?" या प्रश्नाला उत्तर देणं बंद केलं. मिसळू नका.

आता टेक्सास. ऑक्टोबर 2018 मध्ये, म्हणजे आपल्या त्या हंगामानंतर वर्षभरात, अमेरिकेने व्यापारी कापसातून गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर केलं. अळी तीच, बीटी प्रथिनंही तीच. त्यांनी काय वेगळं केलं? सुरुवातीला आश्रयाचे, म्हणजे बिगर-बीटी कपाशीचे, पट्टे पाळले. नंतर वांझ केलेले अब्जावधी पतंग विमानाने सोडले, म्हणजे शेतातल्या मादीला नर मिळाला तरी अंडी फुकट. मादीच्या गंधाचं रसायन शेतभर लावून नरांना भरकटवलं. तो गंध 1973 मध्येच ओळखला गेला होता, आपले कामगंध सापळे त्याच्यावरच चालतात. आणि सगळ्यांना एका तारखेच्या आत पऱ्हाट्या कापून जमिनीत गाडायला लावलं. वांझ पतंग आपल्याला आज परवडणार नाहीत, मान्य. पण शेवटच्या कलमाला पैसा लागत नाही. मद्रासने ते 1919 मध्ये लिहिलं होतं, तुमच्या आजोबांची मेंढरं ते न लिहिता करत होती.

सगळंच अपयश नाही, एवढं मधेच सांगून टाकतो. 2002 मध्ये सांगलीकडे उसावर लोकरी मावा आला, तेव्हा लोकांनी आधी फवारण्याच केल्या. आटोक्यात आला तो डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांमुळे. ज्यांनी फवारणी थांबवून डिफाच्या अळ्या असलेली पानं शेजाऱ्याच्या फडात नेऊन लावली, त्यांचा ऊस आधी मोकळा झाला.

तर तुमच्या चार एकरांत. डिसेंबर संपता संपता कपाशी संपवा. पाणी तोडा. फरदडीचे दोन वेचे जातील, त्याचा हिशेब मला मान्य आहे, पण त्यासमोर सात फवारण्यांचा खर्च मांडा. शेवटच्या वेचणीनंतर शेळ्या-मेंढ्या आठवडाभर बसवा. पऱ्हाट्या घराच्या मागे रचणार असाल तर आधी त्यांवरची बोंडं झोडून जाळा, नाहीतर अळी गोठ्याशेजारी उन्हाळा काढते आणि जूनमध्ये सगळ्यांच्या आधी शेतात हजर होते. पेरणी जूनचा पाऊस झाल्यावरच. एक जूनआधी बियाणं विकू नये असा नियम महाराष्ट्रात काही वर्षं होता, तो उगाच झालेला नव्हता. कमी दिवसांत येणारा वाण घ्या, तुरीच्या ओळी ठेवा. जवळ जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, असेल तर तिथल्या सरकीच्या ढिगातून पतंग येतात, त्यांनाही सापळे लावायला सांगा. आणि हे एकट्याने करून निम्माच फायदा होईल, कारण पतंग सातबारा बघून उडत नाही. शेजारच्या चार जणांना बरोबर घ्या.

पीक 45 दिवसांचं झालं की एकरी दोन कामगंध सापळे. रोज सकाळी पतंग मोजा आणि वहीत लिहा. फुलांत डोमकळ्या, म्हणजे पाकळ्या एकमेकींना गुंडाळून गुलाबकळीसारख्या मिटलेल्या दिसल्या, तर तोडून अळीसकट नष्ट करा. सापळ्यात रात्रीला आठ पतंग, सलग तीन रात्री, किंवा दहातलं एक बोंड किडकं निघालं, तरच फवारणीचा विचार. हिरवी बोंडं वरून बघून कळत नाही. वीस बोंडं फोडून पाहा. तीन रात्रींचे आकडे आणि फोडलेल्या बोंडांची मोजणी मला पाठवा. औषधाचं नाव त्यानंतर बोलू, आणि बहुधा बोलावं लागणार नाही.